बाकड्याचा सातबारा

आमच्या बागेतल्या एका बाकड्यावर तीन नावं आहेत. पाठीवर निळ्या रंगात एका माजी माननीयांचं, ‘यांच्या विकासनिधीतून’ असं. हातावरच्या पितळी पट्टीत एका दिवंगत गृहस्थांचं, ‘यांच्या स्मरणार्थ’ असं. आणि बसायच्या जागी, लाल नेलपॉलिशने काढलेल्या बदामात, एक ‘स’ आणि एक ‘प्र’. गेली नऊ वर्षं मी या बाकड्यावर बसते आहे, पण या मालकांपैकी एकालाही तिथे टेकलेलं पाहिलेलं नाही. दिवंगतांचं मी समजू शकते. माननीयांना बसायला वेळ नसतो. ‘स’ आणि ‘प्र’ यांचं बहुधा लग्न झालं असावं, एकमेकांशी किंवा इतरांशी, आणि आता त्यांना बसायला घर असावं.

सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशिवाय ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो. आमच्या बाकड्याची खरी वहिवाट त्या रकान्यात आहे. पहाटे पावणेसहाला माकडटोपीवाले काका बुटाची लेस बांधायला म्हणून बसतात आणि सव्वासातला उठतात. मग तिथे हास्य क्लबच्या पिशव्या, चष्म्यांची घरं आणि बारा महिने एक छत्री बसते. आठ ते साडेनऊ मी आणि वर्तमानपत्र. त्यानंतर मुलांना शाळेत सोडून आलेल्या दोघी, ज्यांचं बोलणं मी मुद्दाम ऐकत नाही, पण वर्तमानपत्राची घडी घालायला मला हल्ली फार वेळ लागतो. साडेदहाला कुलूप. चारला कुलूप निघालं की आज्या आणि नातवंडं, सहाला बाकड्याचा स्टंप होतो, आणि दिवे लागल्यावर ‘स’ आणि ‘प्र’ यांच्या पुढच्या पिढीतलं कुणीतरी.

हे वेळापत्रक कुणी लावलेलं नाही. पुण्यात पाटी न लावता एखादी गोष्ट सुरळीत चालते, याचं मला ज्ञात असलेलं हे एकमेव उदाहरण. नऊ वर्षांत भांडण एकदाच झालं, तेही बाकड्यावरून नाही. हास्य क्लब जोरात हसतो, म्हणून ध्यानाला बसणाऱ्यांनी तक्रार केली होती. क्लबवाले म्हणाले, आम्ही हळू हसलो तर त्याला स्मित म्हणतात, त्यासाठी क्लब लागत नाही. शेवटी ध्यान पिंपळाखाली गेलं आणि हसणं जिमच्या दांड्यांकडे. (मुंबईच्या लोखंडवाला भागात डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ च्या मार्चमध्ये पाच माणसांना घेऊन बागेत पहिला हास्य क्लब काढला, तेव्हा म्हणे आधी रोज विनोद सांगत. दोन आठवड्यांत विनोद संपले, म्हणून मग विनोदाशिवाय हसायचं ठरलं. आमच्या क्लबात अजूनही एक आजोबा विनोद सांगतात. त्यामुळे बाकीच्यांना विनोदाशिवाय हसायचा सराव आपोआप होतो.)

म्हणून ‘बागेचं व्यवस्थापन नागरिकांच्या भागीदारीतून’ असं पत्रक जेव्हा आमच्याकडे आलं, तेव्हा मला वाटलं, ते तर चालूच आहे की. पण चालू असलेल्या गोष्टीला समिती नसते. मग समिती झाली.

आमची बाग स्वारगेटच्या एस.टी. स्टँडपासून चालत बारा मिनिटांवर. माझ्या चालीने अठरा. आकार म्हणाल तर जेमतेम दहा गुंठे. चालायचा ट्रॅक इतका छोटा की जरा वेग घेतला तर आपणच आपल्याला मागून गाठतो. तरी तिच्यात एक कडुनिंब, एक पिंपळ, तीन बहावे, गंजलेल्या झोपाळ्यांची जोडी, सात बाकडी आणि एक माळीण मावशी आहेत. मावशी साडीवर पुरुषी शर्ट घालतात, बागेची किल्ली सुतळीत ओवून गळ्यात अडकवतात आणि वाफ्याशी बसून खुरपं चालवताना एका लयीत झाडांना बोलतात. त्या पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत राहतात, चालत येतात, आणि त्यांची नोकरी ठेकेदाराकडे आहे. म्हणजे ठेका बदलला की मावशी त्याच राहतात, पगाराची तारीख बदलते.

समितीची पहिली बैठक रविवारी सकाळी अकराला, बागेला लागून असलेल्या विरंगुळा केंद्रात. मावशींनी कुलूप काढलं, सतरंजी झटकली, माठ भरला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. आत आम्ही एकोणीस जण होतो. सगळे साठीच्या पुढचे, सगळे लगतच्या तीन सोसायट्यांतले, आणि दोघे वगळता सगळे निवृत्त. मी मराठीची शिक्षिका होते, अक्षर बरं आहे, म्हणून मला चिटणीस केलं. पुण्यात अक्षर बरं असणं हा एक प्रकारचा गुन्हाच आहे, त्याची शिक्षा आयुष्यभर इतिवृत्त लिहिण्याची.

बागेसाठी काय करता येईल, अशी चर्चा सुरू झाली आणि दहाव्या मिनिटाला ती बागेत काय करू देऊ नये इकडे वळली. मी लिहीत गेले. फुले तोडू नयेत. (हे सुचवणाऱ्या आजींच्या परडीत रोज सकाळी कुठली जास्वंद असते, ते मी लिहिलं नाही.) चेंडू खेळू नये. डबा खाऊ नये. मोठ्याने गाणी लावू नयेत, भक्तिगीते वगळून. हिरवळीवर बसू नये. बाकड्यावर झोपू नये. युगुलांनी, यापुढे बराच वेळ योग्य क्रियापद सापडेना, शेवटी ‘भान ठेवावे’ असं ठरलं. चौदा कलमं झाली. चौदावं होतं, ‘बाहेरच्यांना प्रवेश नाही’.

शिक्षिकेची खोड जात नाही. मी विचारलं, “बाहेरचे म्हणजे नेमके कोण?”

“जे आतले नाहीत ते,” माकडटोपीवाले काका म्हणाले.

“म्हणजे पुण्याबाहेरचे का?”

यावर थोडी गडबड झाली. कारण अध्यक्षांचं मूळ गाव चिपळूण. खजिनदार बार्शीचे, ते १९७४ साली ट्रंक घेऊन स्वारगेटलाच उतरले होते. माझं माहेर मिरज. एकोणीस जणांत अस्सल पुणेकर एकच निघाले, तेही कसबा पेठेतले, आणि त्यांच्या मते कॅनॉलच्या अलीकडे आलेला प्रत्येक माणूस बाहेरचाच. चौदावं कलम पुढच्या बैठकीवर टाकलं. पुण्यात पुढची बैठक ही एक मोठी सोय आहे.

मला त्या दिवशी सारसबाग आठवत राहिली. स्वारगेटवरून सणस मैदानाच्या बाजूने गेलं की ती येते, आणि तिच्यात हा बाहेरच्यांचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिथे जवळपास सगळेच बाहेरचे. पर्वतीच्या पायथ्याशी, आज ही बाग आहे तिथे, नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास तळं करायला घेतलं. काम रेंगाळलं. तेव्हा, असं सांगतात, पाहणीला आलेले नानासाहेब हत्तीवरून खाली उतरले आणि स्वतः दगड उचलू लागले. मग काय, सरदार-दरकदार, कारकून, सगळेच दगड उचलू लागले आणि तळं पुरं झालं. गोष्ट खरी असो नसो, लोकसहभागाचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरं वाचलेलं नाही. आमच्या समितीनेही एकदा श्रमदान ठेवलं होतं. प्रमुख पाहुणे गाडीतून खाली उतरले, एका हातात फावडं धरलं, फोटो झाला, आणि ते परत गाडीत बसले. आमचेही सरदार त्यांच्यामागोमाग चहाला गेले. मावशींनी उरलेले खड्डे बुजवले. पेशवाई आणि आपण यांच्यातला फरक सांगायला इतिहासकार लागतातच असं नाही.

त्या तळ्यात मधोमध बेट राखलं होतं, त्यावर सवाई माधवरावांनी १७८४ मध्ये गणपती बसवला, म्हणून तो तळ्यातला गणपती. तळ्यात नावा फिरत. गुप्त मसलती नावेत बसून होत आणि नाव वल्हवायला मुद्दाम मराठी न समजणारे हबशी ठेवत, असंही सांगतात. ट्रॅकवर चालता चालता सुनेविषयी बोलणाऱ्या आमच्या मंडळींना ही युक्ती अजून सुचलेली नाही. पुढे तळं गेलं, त्या जागी हिरवळ आली, आणि गणपती मात्र अजून तळ्यातलाच आहे. पुणेरी माणूस पत्ता सहसा बदलत नाही.

आता या बागेचा सातबारा पाहा. देऊळ देवदेवेश्वर संस्थानाकडे. बाग महापालिकेकडे. भूक फाटकाबाहेरच्या भेळवाल्यांकडे. थंडी पडली की गणपतीला स्वेटर आणि कानटोपी चढते, तो भक्तांचा खातेविभाग. दिवाळीत पहाटे पणत्यांनी बाग उजळते, तो हौशी मंडळींचा. शेजारी पेशवे पार्क. १९५३ साली सुरू झालेलं ते प्राणिसंग्रहालय माझ्या मिरजेच्या भावंडांना शनिवारवाड्यापेक्षा महत्त्वाचं वाटे. १९५६ पासून तिथे फुलराणी धावते. वाघ-हत्ती कात्रजला गेले, पण फुलराणी राहिली आणि तिच्यात बसलेली मुलं आता नातवंडांचं तिकीट काढायला रांगेत उभी असतात. एवढे खातेदार असूनही तिथल्या हिरवळीवर कुणी कुणाला ‘तुम्ही कुठले?’ असं विचारत नाही. किंवा विचारतात, पण ते उठवण्यासाठी नाही, सोयरीक निघते का बघायला.

सारसबागेची खरी प्रजा मी ओळखायला शिकले आहे. एक वर्ग पर्वतीच्या उतारावरच्या वस्त्यांमधला. जनता वसाहतीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथल्या पोराला अभ्यासाला, आईला निवांत बसायला आणि नव्या जोडप्याला चार शब्द बोलायला ही बाग म्हणजे घरातली दुसरी खोली. ज्याच्या घराला गच्ची आहे, त्याला बाग ही शोभा. ज्याच्या घराला खिडकी नाही, त्याला ती खिडकी. दुसरा वर्ग स्वारगेटचा. साताऱ्याची, सांगलीची, कोल्हापूरची गाडी दीड-दोन तासांनी आहे, किंवा नुकतीच सुटली. स्टँडवर पंख्याखालची जागा भरलेली. २९ सप्टेंबर २०२४ पासून जमिनीखाली चकचकीत मेट्रो स्टेशनही झालं आहे, पण बोचक्यावर डोकं ठेवून पडावं अशी ती जागा नव्हे. मग ही माणसं विचारत विचारत झाडाखाली येतात. पिशवी उशाला, चपला पिशवीखाली, आणि एक जण जागा. हे लोक पुण्याचे दोन तासांचे नागरिक. त्यांचं मत नाही, मालमत्ताकर नाही, तक्रारवहीत सही नाही. कुठल्याही बागेच्या कुठल्याही समितीवर ते कधी येणार नाहीत, कारण बैठकीच्या वेळी ते लोणंदला पोचलेले असतात.

आणि नागरिकांच्या भागीदारीतली मेख नेमकी इथे आहे, असं मला वाटू लागलं. भागीदार कोण होतो? ज्याला रविवारी अकराला वेळ आहे तो.

माझ्या वाचनात आलेल्या भागीदाऱ्यांपैकी काही छान टिकल्या आहेत. आपलं एम्प्रेस गार्डनच बघा. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८३० ची. सरकारी जमिनीवरची ती बाग ही संस्था एकोणिसाव्या शतकापासून सांभाळते आहे. प्रवेशाचं तिकीट, रोपवाटिका, प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला भरणारं फुलांचं प्रदर्शन यांवर संसार चालतो. तिथल्या झाडांखाली उभं राहिलं की ‘दीर्घ मुदत’ या शब्दाचा अर्थ कळतो, जो बँकेच्या पासबुकात मला कधी कळला नव्हता.

मुंबईचं मात्र वेगळं झालं. तिथे मोकळी मैदानं आणि बागा संस्थांना ‘दत्तक’ द्यायची टूम निघाली. ओव्हल मैदानासारख्या ठिकाणी आसपासच्या रहिवाशांनी जीव ओतून मैदानाचा उकिरडा होऊ दिला नाही. पण इतर काही ठिकाणी दत्तक घेणाऱ्यांनी बाळाच्याच पाळण्यात स्वतःचा क्लब बांधला आणि बाळाला भेटायला वर्गणी ठेवली. २०१६ च्या जानेवारीत महापालिकेने नवं दत्तक धोरण मंजूर केलं, तेव्हा एवढा गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली आणि दिलेले भूखंड परत घेण्याचं निघालं. दत्तकविधान आपल्याकडे पूर्वीपासूनच भांडणाचं मूळ. झाशीचंही आणि मैदानाचंही.

माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, “मावशी, न्यूयॉर्कला हेच.” सेंट्रल पार्कची सत्तरच्या दशकात रया गेली होती. १९८० मध्ये नागरिकांची संस्था उभी राहिली आणि तिने देणग्या गोळा करून बागेचा कायापालट केला. २०१२ साली तर एका धनिकाने एकरकमी दहा कोटी डॉलर दिले. तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच विचारलं, की श्रीमंतांच्या खिडक्यांसमोरच्या बागेला दहा कोटी, तर ज्या वस्तीत कुणाकडेच दहा डॉलर वर नाहीत तिथल्या बागेचं काय? भाचा म्हणाला, “पेठ तशी बाग.” मला बरं वाटलं. निदान म्हण तरी इथलीच वापरतो.

पुण्याने या बाबतीत एक चांगली गोष्ट कधीच केली आहे, ती पुणेकर असूनही कुणी फारशी सांगत नाही. २००६ च्या सुमाराला महापालिकेने अंदाजपत्रकात नागरिकांकडून कामं मागवायला सुरुवात केली. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरायचा, आपल्या भागात काय हवं ते लिहायचं. एका कामाला पाच लाखांची मर्यादा. देशात असं करणाऱ्या पहिल्या काही शहरांतलं आपलं शहर. मी हौसेने फॉर्म भरला. पाच लाखांत काय काय करता येईल, याचा रात्रभर विचार केला आणि सकाळी लिहिलं, ‘बाकडे’. नंतर कळलं की आमच्या गल्लीतून तिघांनी बाकडीच मागितली होती. नोकरीतून बाहेर पडलेल्या माणसाची कल्पनाशक्ती बहुधा बसल्या जागीच थांबते.

मी मावशींना विचारलं, तुमच्या तिकडून कुणी फॉर्म भरला का? मावशी म्हणाल्या, “कसला फारम?” मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खुरप्याची माती झटकली आणि म्हणाल्या, “आमी असतो तर नळ मागितला असता.” ‘आमी असतो तर’ हे शब्द मी इतिवृत्तात लिहिले नाहीत. त्या बैठकीत नव्हत्या, त्यामुळे लिहिता येत नव्हते.

यानंतर झालं ते माझ्या भोळसटपणामुळे. एप्रिलच्या शेवटी साताऱ्याहून परत येत होते. नणंदेने कैऱ्यांची पिशवी दिलेली, खांद्याला पर्स, दुपारचे साडेबारा. रिक्षावाल्याला आमचं अंतर फार जवळ वाटलं आणि त्याने सांगितलेला आकडा मला फार लांबचा वाटला, म्हणून चालत निघाले. बागेपाशी आले तेव्हा डोळ्यांपुढे काजवे. म्हटलं, दहा मिनिटं माझ्या बाकड्यावर टेकावं. फाटकाला कुलूप. ते मलाच ठाऊक असायला हवं होतं, वेळेची पाटी माझ्याच अक्षरातली. ‘दुपारी १०.३० ते ४.०० उद्यान बंद राहील. – हुकुमावरून.’ दहा तीस दुपार कशी, हा प्रश्नही मला त्याच वेळी पडला.

फाटकाच्या खांबाची वीतभर सावली होती, तिच्यात आधीच कुणीतरी होतं. एक तरुण बाई, तिच्या मांडीवर तापाने मलूल झालेलं दोन-अडीच वर्षांचं पोर, आणि शेजारी डोक्याला टॉवेल गुंडाळलेले म्हातारबा. ससूनला दाखवून आले होते. गाडी तीनची. त्यांनी सरकून मला सावलीत जागा दिली. माझ्याच बागेच्या दारात, मला, बाहेरच्यांनी.

गजांतून आत दिसत होतं. सातही बाकडी रिकामी. कडुनिंबाची बागेभर पसरलेली सावली, तिच्यात एक मांजर. हिरवळीवर पाइप नुकताच फिरला होता, मातीचा वास येत होता. पाण्याच्या टाकीमागे मावशी एकट्या भाकरी खात बसल्या होत्या. मी हाक मारली. त्या आल्या, गजांतून पेलाभर पाणी दिलं, आधी पोराला, मग म्हाताऱ्यांना, मग मला.

“मावशी, उघडा ना.”

“बाई, तुमास्नी घीन. पर ह्यास्नी घेतलं तर उद्या तुमच्यातलंच कुनीतरी फोटू काढून धाडतंय. मग मुकादम मला बोलतोय.”

‘तुमच्यातलंच कुनीतरी’ कोण, ते मला माहीत होतं. त्यांचा मोबाइल मीच त्यांना वापरायला शिकवला होता.

मी त्या दिवशी चिटणीस म्हणून पहिला आणि शेवटचा बेकायदा हुकूम दिला. मावशींनी गळ्यातली सुतळी काढली. आम्ही चौघे आत गेलो. पोर बाकड्यावर निजवलं, नेमकं बदामाच्या डोक्याशी. म्हातारबा हिरवळीवर आडवे झाले. बाईने डबा उघडला आणि मला विचारलं, “खाता का घासभर?” म्हणजे अर्ध्या तासात तिसरं, पाचवं आणि सहावं कलम मोडलं, आणि तिसऱ्याला मी स्वतः सामील होते. ठेचा फार झणझणीत होता.

पुढच्या बैठकीत मी विषय काढला. दुपारी बाग उघडी ठेवावी. शांतता पसरली. मग एकेक सुरू झाले. कचरा होईल. दारुडे येतील. कोण कुठले, काय सांगावं. गवत खराब होईल. हे सगळं अगदी खोटं नव्हतं. मी दारुडे पाहिले आहेत, आणि बाटल्या गोळा करताना काचेने चिरलेला मावशींचा अंगठाही पाहिला आहे. बाग सगळ्यांची म्हटली की तिची घाणही सगळ्यांची होते, आणि ती उचलायला मात्र एकच हात असतो. आमच्या कसबा पेठवाल्यांनी मुद्द्याचं विचारलं, “उघडी ठेवा, पण दुपारी राखणीला बसणार कोण? मावशींना तुम्ही दोन नोकऱ्या लावणार का?”

मावशी नेहमीसारख्या पायरीवर होत्या. मी दाराशी जाऊन त्यांना आत बोलावलं. एकोणीस जणांनी सतरंजी आवरून जागा केली. त्यांनी उभ्यानेच सांगितलं. दुपारची सावली असते ती पिंपळाखाली आणि निंबाखाली, तेवढाच तुकडा दोरी बांधून मोकळा ठेवावा, म्हणजे पाणी घातलेली हिरवळ तुडवली जात नाही. माठ बाहेरच्या बाजूला हलवावा, म्हणजे निम्मी माणसं पाणी पिऊनच पुढे जातात. आणि कुणीतरी ओळखीचं माणूस बसलेलं दिसलं की दारुडा येत नाही, तो मोकळी जागा शोधतो. दोन मिनिटांत बोलून झालं. आमची चौदा कलमं व्हायला दीड तास लागला होता.

प्रश्न राहिला ओळखीच्या माणसाचा. एक ते चार. एप्रिल-मे. मी वहीत रकाने आखले, सोमवार ते रविवार, आणि वही फिरवली. वही एकोणीस हातांतून गेली आणि माझ्या एका बुधवाराखेरीज कोरी परत आली. ज्यांनी ज्यांनी बागेवर निस्सीम प्रेम असल्याचं सांगितलं होतं, त्या सगळ्यांना दुपारी रक्तदाब होता.

मग माकडटोपीवाले काका खाकरले. उन्हाळा असल्याने टोपी नव्हती, त्यामुळे क्षणभर ते कुणी बाहेरचेच वाटले. म्हणाले, “मला घरी दुपारी झोप लागत नाही. सून टीव्ही लावते. उरलेले सहा वार मला लिहा.”

चौदावं कलम त्यांचं होतं. फोटो काढून पाठवणारेही तेच. मी काही न बोलता लिहिलं.

महिना झाला आता. काल बुधवार नव्हता, पण काम नव्हतं म्हणून दीडच्या सुमाराला डोकावले. फाटक उघडं. माठाशी एक कंडक्टर तोंड धूत होता. दोरीच्या अलीकडे, पिंपळाखाली, क्लासच्या दोन मुली पुस्तकं उघडून समोसे खात होत्या. मावशी टाकीमागे न बसता निंबाखाली बसल्या होत्या आणि शेजारी परगावची एक आजी त्यांना डोहाळजेवणाचं काहीतरी रंगवून सांगत होती. राखणदार काका माझ्या बाकड्यावर आडवे, छातीवर चष्मा, तोंड उघडं, घोरणं दमदार. सहावं कलम त्यांच्या डोक्यावरच्याच पाटीवर होतं.

तेवढ्यात हातात बोचकं घेतलेला एक माणूस घामाघूम आत आला. सगळी बाकडी बघितली, सगळ्यांवर ऊन आलेलं. सावलीत होतं ते एवढंच. तो काकांपाशी येऊन थांबला, पाटी वाचल्यासारखं केलं, आणि हळूच म्हणाला, “बाबा, जरा सरकता का?”

काकांनी डोळे उघडले नाहीत. नुसते पाय जवळ घेतले, आणि बदामाची जागा मोकळी झाली.